मूल दीड वर्षाचं, आतड्यातली वस्ती तान्ह्याची: मिरपूरच्या पूरक आहाराचं प्रकरण

ढाका शहराच्या मिरपूर भागातली १२ ते १८ महिन्यांची मुलं हा या प्रकरणाचा विषय. या मुलांचं वजन त्यांच्या लांबीच्या मानाने कमी होतं, पण ती रुग्णालयात दाखल करण्याइतकी खालावलेली नव्हती. आपल्याकडे अंगणवाडीच्या नोंदवहीत ज्यांच्यापुढे ‘मॅम’ लिहिलं जातं, तीच ही मुलं: मध्यम तीव्र कुपोषित. लांबीनुसार वजनाचा झेड-स्कोअर (तेवढ्याच लांबीच्या निरोगी मुलांच्या मध्यम वजनापासून मूल किती पायऱ्या वर किंवा खाली आहे, त्याचं माप) उणे २ ते उणे ३ यांच्या मधला. उणे ३ च्या खाली गेलं की मूल ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित. दंडाचा घेर लावला तर मॅमसाठी ११.५ ते १२.५ सेंटिमीटर आणि सॅमसाठी ११.५ च्या खाली. दोन्ही पावलांवर सूज असेल, तर बाकीचे आकडे काहीही असोत, ते मूल सॅमच.

मिरपूरचं काम आयसीडीडीआर,बी या संस्थेचं. १९६० साली कॉलरा संशोधन प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली आणि जलसंजीवनीवरच्या कामामुळे जगभर माहीत झाली. तिच्या बाजूने डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून जेफ्री गॉर्डन, अशी ही जोडी. गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने आधी लठ्ठपणा आणि आतड्यातले जीवाणू यांचा संबंध जंतुरहित, म्हणजे अंगात एकही जीवाणू नसलेल्या, उंदरांमध्ये दाखवला होता. कुपोषणाकडे ते नंतर वळले.

उपचार होतात, मूल वाचतं, मग अडतं कुठे?

सॅम मुलांवरचे प्रमाणित उपचार जीव वाचवतात, याबद्दल वाद नाही. आधी ग्लुकोज, ऊब, जंतुसंसर्गावर औषध. मग कमी ताकदीचं एफ-७५ दूध. मूल स्थिरावलं की एफ-१०० किंवा शेंगदाण्याची तयार पेस्ट. वजन चढतं, सूज उतरते. पण सॅममधून बाहेर आलेलं मूल बहुतेक वेळा मॅममध्ये येऊन थांबतं. उंची खुंटलेलीच राहते, आजारपणं सुरूच राहतात आणि काही महिन्यांनी त्यातली काही मुलं परत खाली घसरतात. उष्मांक, प्रथिनं, लोह, जस्त सगळं मोजून दिलं तरी हे घडतं. मिरपूरच्या अभ्यासाची सुरुवात या न जुळणाऱ्या हिशेबापासून झाली.

आतड्यातल्या जीवाणूंवर संशय का घ्यायचा, याला एक आधार २०१३ साली मलावीतून मिळाला. तिथे जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्या पहिली तीन वर्षं पाहिल्या गेल्या. काही जोड्यांमध्ये एकाला क्वाशिओरकोर, म्हणजे अंगावर सूज आणणारं तीव्र कुपोषण, झाला, दुसरं चांगलं राहिलं. घर एक, ताट एक. अशा जोडीतल्या दोघांच्या शीतले जीवाणू वेगवेगळ्या जंतुरहित उंदरांच्या आतड्यात सोडून त्या उंदरांना मलावीचा मक्याचा आहार दिला. आजारी भावंडाचे जीवाणू मिळालेल्या काही उंदरांचं वजन झपाट्याने उतरलं. शेंगदाण्याची उपचार-पेस्ट दिल्यावर ते सुधारले, पण मक्याच्या आहारावर परत आणताच सुधारणा ओसरू लागली. यातली मेख अशी की केवळ जीवाणू किंवा केवळ आहार पुरत नव्हता. जीवाणूंची वाईट वस्ती आणि तुटपुंजा आहार एकत्र आले की वजन उतरत होतं.

वस्तीचं वय कसं मोजतात

तान्ह्या बाळाच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियमचं राज्य असतं, कारण आईच्या दुधातल्या खास शर्करा त्यालाच उत्तम पचतात. सहाव्या महिन्यानंतर भात, डाळ, भाजी, फळ सुरू झालं की वनस्पतींतले गुंतागुंतीचे कर्बोदकांचे धागे तोडणारे जीवाणू हळूहळू जागा घेतात: फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी, डोरिया, ब्लाउटिया, प्रिव्होटेला. दोन-तीन वर्षांत वस्ती मोठ्या माणसासारखी होते. हा क्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो. ठरलेला असतो म्हणूनच शीवरून वय सांगता येतं.

मिरपूरच्या ५० निरोगी मुलांच्या शीचे दर महिन्याचे नमुने पहिली दोन वर्षं घेतले गेले. एकूण ९९६ नमुने. त्यातल्या जीवाणूंची यादी आणि मुलाचं खरं वय संगणकाला देऊन, ‘रँडम फॉरेस्ट’ या तंत्राने, वय सर्वांत चांगलं सांगणारे २४ जीवाणूप्रकार निवडले. मग कुठल्याही मुलाच्या नमुन्याला ‘जीवाणूवय’ देता येऊ लागलं आणि ते खऱ्या वयाशी ताडून वस्ती किती पिछाडीवर आहे हेही कळू लागलं.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात सॅमसाठी दाखल झालेल्या ६४ मुलांचे नमुने तपासले होते. त्यांची वस्ती वयापेक्षा लहान निघाली. उपचारात अर्ध्या मुलांना परदेशी शेंगदाणा-पेस्ट, अर्ध्यांना स्थानिक खिचुरी आणि हलवा. दोन्ही गटांत वस्ती थोडी पुढे सरकली आणि उपचार थांबल्यावर तीन-चार महिन्यांत परत मागे गेली. नुसती हगवण लागलेल्या निरोगी मुलांतही वस्ती मागे जाते, पण ती आपसूक सावरते. सॅममध्ये ती सावरत नाही, हा फरक महत्त्वाचा.

इथे नमुन्याच्या हाताळणीबद्दल थोडं, कारण बरेच अभ्यास इथेच वाया जातात. शी बाहेर पडल्यावर ऑक्सिजन लागताच काही जीवाणू मरतात आणि काही वाढू लागतात. उन्हाळ्यात दोन तास डबी टेबलावर राहिली तर ई. कोलाय फुगलेला दिसतो आणि तो मुलाचा नसून टेबलावरचा असतो. म्हणून नमुना मिनिटांत गोठवायचा, द्रव नायट्रोजनवर प्रयोगशाळेत न्यायचा आणि उणे ८० अंशाला ठेवायचा. दुसरी अडचण मोजण्याची. नेहमीच्या डीएनए वाचनातून टक्केवारी मिळते, संख्या नाही. एक जीवाणू ४० टक्क्यांवरून २० वर आला तर तो खरंच कमी झाला, की बाकीचे वाढले, हे टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी नमुन्यात आधी ठरावीक संख्येने परका जीवाणू मिसळून त्याच्याशी तुलना करावी लागते. घरपोच ‘गट टेस्ट’ विकणाऱ्यांच्या रंगीत अहवालात असा भेद क्वचितच दिसतो.

आणखी एक गोष्ट या मोजणीतून सरळ पुढे आली: ‘चांगला जीवाणू’ हे विशेषण वयाशिवाय निरर्थक आहे. चार महिन्यांच्या बाळात बिफिडोबॅक्टेरियम भरपूर असणं उत्तम. पंधराव्या महिन्यातही तोच वरचढ असेल आणि धान्य-डाळी पचवणारे आलेच नसतील, तर ते वाढ अडल्याचं लक्षण.

आधी जीवाणू ठरवले, मग जेवण

नेहमीचा मार्ग असा: मुलाला काय कमी पडतं ते मोजा, तेवढं द्या. इथे उलट केलं. कोणते जीवाणू कमी पडतात ते ठरवलं आणि त्यांना कुठलं अन्न आवडतं ते शोधलं. अट एकच, पदार्थ मिरपूरच्या घरात आधीपासून मुलांना भरवले जाणारे असावेत.

स्थानिक मुलांमधून वेगळे केलेले जीवाणू जंतुरहित उंदरांत वसवले आणि त्यांना एकेक पदार्थ देऊन कोण वाढतं ते पाहिलं. गंमत अशी की रोजच्या ताटातले तांदूळ आणि दूध यांचा या हव्या असलेल्या जीवाणूंना फारसा उपयोग नव्हता. हरभरा, केळं, शेंगदाणा, सोयाबीन पुढे आले. तिलापिया मासाही यादीत होता. शेवटच्या मिश्रणात त्याऐवजी सोयाबीन राहिलं. उंदरांनंतर जंतुरहित पिलांवर, म्हणजे डुकराच्या पिलांवर, तपासणी झाली, कारण त्यांचं पचन माणसाच्या बाळाच्या जास्त जवळ जातं.

मग मुलं. मॅम असलेल्या, १२ ते १८ महिन्यांच्या साठेक मुलांचे चार गट करून चार आठवडे तीन वेगवेगळी मिश्रणं आणि एक नेहमीचा तयार पूरक आहार दिला. तीनपैकी दुसऱ्या मिश्रणानेच हवे ते जीवाणू वाढले आणि रक्तातली हाडवाढ, मेंदूची वाढ व प्रतिकारशक्तीशी जोडलेली प्रथिनं निरोगी मुलांच्या पातळीकडे सरकली. मिश्रणांतले घटक जवळचे असूनही बाकीच्या दोघांना हे जमलं नाही. ‘हरभरा चांगला असतो’ एवढ्या ढोबळ निष्कर्षावर थांबू नये, याचं हे चांगलं कारण. हे काम २०१९ साली प्रसिद्ध झालं. मिश्रणाला एमडीसीएफ-२ असं रुक्ष नाव मिळालं. अर्थ, जीवाणूवस्तीकडे रोखलेला पूरक आहार, क्रमांक दोन.

५० ग्रॅममध्ये काय असतं

शंभर भागांत हरभऱ्याचं पीठ १०, शेंगदाण्याचं पीठ १०, सोयाबीनचं पीठ ८, कच्चं केळं १९, साखर २९.९, सोयाबीन तेल २० आणि जीवनसत्त्व-खनिजांची पूड ३.१. म्हणजे दिवसाच्या ५० ग्रॅम खुराकात हरभरा ५ ग्रॅम, शेंगदाणा ५, सोया ४, कच्चं केळं साडेनऊ, साखर १५, तेल १०, पूड दीड ग्रॅम. उष्मांक सुमारे २०० ते २०५. हा खुराक दोन वेळांत विभागून दिला जातो आणि तो जेवणाऐवजी नसतो. आईचं दूध आणि घरचं खाणं चालूच.

साखर पाहून कपाळाला आठ्या पडतात आणि त्या पडाव्यातच. तीस टक्के साखर ही चवीसाठी आणि उष्मांकांसाठी आहे, जीवाणूंसाठी नाही. ती लहान आतड्यातच शोषली जाते, मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. तेलाचंही तसंच. जीवाणूंच्या वाट्याचं काम उरलेल्या चार घटकांचं आहे, आणि ते वजनाने मिश्रणाच्या निम्म्याहूनही कमी भरतात. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च असतो; केळं पिकलं की त्याची साखर होते, म्हणून कच्चंच हवं. डाळवर्गी पिठांत गॅलॅक्टनसारखे लांब धागे असतात. माणसाच्या स्वतःच्या पाचकरसात ते तोडणारी कात्रीच नाही, जीवाणूंकडे आहे.

तुलनेसाठी घेतलेला आहार तांदूळ, मसूर आणि दूध-पावडर यांचा होता; त्यातही साखर, तेल आणि तीच जीवनसत्त्व-खनिजं. त्याचे ५० ग्रॅमचे उष्मांक जवळपास २५०. म्हणजे नवा खुराक उष्मांकांत १५ ते २० टक्क्यांनी कमी. चाचणीचा सगळा जोर या फरकावर आहे. उष्मांकच सगळं ठरवत असतील तर तांदूळ-मसूरवाला गट पुढे जायला हवा होता.

तीन महिने, आणि नंतरचा एक

मुख्य चाचणीत १२३ मुलं होती, ११८ शेवटपर्यंत राहिली, प्रत्येक गटात ५९. कोणाला कोणता खुराक, हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं. तीन महिने खुराक, मग खुराक बंद करून एक महिना देखरेख.

निकाल २०२१ साली आला. लांबीनुसार वजनाचा झेड-स्कोअर एमडीसीएफ-२ च्या गटात दर आठवड्याला ०.०२१ ने वाढला, तुलनेच्या गटात ०.०१० ने. वेग दुप्पट. फरक ०.०११, आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक बहुधा ज्यात असेल तो पट्टा, ०.००१ ते ०.०२१. खालचं टोक शून्याला जेमतेम चुकवतं. हे वाचून उत्साहाला थोडा लगाम घालावा. या काळात उंचीत दोन गटांत फरक दिसला नाही.

जीवाणू आणि रक्त यांचं चित्र वजनापेक्षा ठळक होतं. वजनवाढीशी सुसंगत ठरलेले २१ जीवाणूप्रकार आणि ७० रक्तप्रथिनं नव्या खुराकाच्या गटात जास्त हलली. त्या प्रथिनांत हाडांची आणि मज्जासंस्थेची वाढ घडवणारी होती.

‘वेग दुप्पट’ म्हणजे किती ग्रॅम? ढोबळ हिशेब करून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७० सेंटिमीटर लांबीच्या मुलग्याचं मध्यम वजन ८.४ किलो, उणे २ ला ७.२, उणे ३ ला ६.६. म्हणजे या पट्ट्यात एक झेड म्हणजे ६०० ग्रॅम. आठवड्याला ०.०११ हा फरक १३ आठवड्यांत ०.१४ झेड होतो, म्हणजे ८० ते ९० ग्रॅम. तीन महिन्यांत, कमी उष्मांक खाऊन, एवढं जास्त. एका मुलापुरतं पाहिलं तर सकाळी आणि संध्याकाळी केलेल्या वजनातही एवढी तफावत पडते. म्हणून हा निकाल गटाचा आहे. अंगणवाडीतल्या एका मुलाच्या आलेखावर तो शोधायला जाऊ नये.

मोजमापाची चूक या फरकाला सहज गिळते. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून, पाट्यावर, दोन माणसांनी घ्यायची असते: एकाने डोकं पाट्याला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून तळवा सरकपट्टीला लावायचा. एकटीने घेतली तर मूल पाय आखडतं आणि लांबी सेंटिमीटरभर कमी भरते. ७१ सेंटिमीटरचं मूल ७० लिहिलं गेलं की मध्यम वजन ८.६ ऐवजी ८.४ धरलं जातं. दोनशे ग्रॅमची ही चूक म्हणजे तिसरा हिस्सा झेड. चाचणीत दिसलेल्या फरकाच्या दुपटीहून जास्त. शिवाय लांबी कमी लिहिली तर मूल आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं आणि यादीतून गळतं. वजनकाटा तेवढा अचूक आणि लांबी अंदाजाने, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो, म्हणून हे सांगणं आलं.

प्रिव्होटेला कॉप्रायी काय करतो

२०२४ साली याच चाचणीच्या नमुन्यांतून जीवाणूंचे सुमारे हजार जनुकसंच जुळवून काढले गेले. त्यातल्या ७५ संचांचं प्रमाण वजनवाढीबरोबर वाढत होतं. त्यांतही प्रिव्होटेला कॉप्रायी या जातीचे दोन वाण उठून दिसले. हरभरा-केळं-शेंगदाणा-सोया यांतले कर्बोदकांचे धागे तोडायला लागणाऱ्या विकरांची जनुकं त्यांच्याकडे होती आणि खुराक मिळाल्यावर ती कामाला लागलेली दिसली. सगळ्या प्रिव्होटेलांकडे ती नसतात. जात एकच असली तरी दोन वाणांची हत्यारं वेगळी असतात, आणि प्रयोगशाळेचा अहवाल जातीपाशी थांबला तर हा फरक दिसतच नाही.

संबंध म्हणजे कारण नव्हे, म्हणून पुन्हा उंदीर. जंतुरहित माद्यांना मिरपूरच्या मुलांतले जीवाणू दिले, काहींना प्रिव्होटेलासह आणि काहींना त्याच्याशिवाय. आईकडून ते पिलांत गेले. दूध सुटताना पिलांना मिरपूरसारखाच आहार मिळाला. प्रिव्होटेला असलेल्या पिलांचं वजन जास्त वाढलं.

यातून लगेच विचारलं जातं, मग हा जीवाणूच कुपीत भरून का पाजू नये? अडचण अशी की ऑक्सिजन लागला की तो मरतो, त्यामुळे बनवणं आणि साठवणं कठीण. आणि पाजला तरी त्याचं खाणं ताटात नसेल तर तो टिकायचा कसा? बांगलादेशातच दोन ते सहा महिन्यांच्या सॅम बाळांना बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिसचा परदेशी वाण २८ दिवस देऊन पाहिला आहे. या बाळांत हा जीवाणू फारच कमी असतो, आणि तो दिल्यावर वजनात फायदा दिसला. पण बांगलादेशी मुलांतून काढलेला वाण प्रयोगशाळेत परदेशी वाणाला मागे टाकतो, कारण तिथल्या मातांच्या दुधाची आणि वनस्पतींच्या शर्करांची त्याला सवय आहे. एका देशातली कुपी दुसऱ्या देशात तशीच चालेल असं धरून चालता येत नाही. खुराकाचा मार्ग या अडचणीला बगल देतो: मुलाच्या आतड्यात अल्पसंख्य का होईना, पण असलेल्या स्थानिक वाणालाच तो खाऊ घालतो. तो वाण मुळात नसेल तर मात्र खुराक काय करणार, हा प्रश्न उरतोच. सर्व मुलांना सारखा लाभ झाला नाही, त्यामागचं हे एक शक्य कारण.

दुसरं कारण वरच्या, म्हणजे लहान आतड्यात आहे. मिरपूरच्याच, दुसऱ्या एका अभ्यासात वेगळा पूरक आहार देऊनही न वाढणाऱ्या खुंटलेल्या मुलांची दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा ८० मुलांत आतड्याच्या अस्तराचा विकार तुकडा काढून सिद्ध झाला. तिथे राहणाऱ्या १४ जीवाणूप्रकारांची संख्या जितकी जास्त, तितकी मुलाची उंची कमी. यांतले जीवाणू रोगजंतूंच्या नेहमीच्या यादीत नाहीत.  घाणेरडं पाणी, अंगणातली विष्ठा, पुन्हा पुन्हा होणारे संसर्ग यांतून हा विकार होतो आणि अस्तर गळकं, सुजलेलं राहतं. मोठ्या आतड्यासाठी बनवलेला खुराक या सुजेवर परस्पर उपाय नाही.

इथल्या अंगणवाडीला यातून काय घेता येईल

हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन, कच्ची केळी: ही यादी मेळघाटापासून नंदुरबारपर्यंत कुठल्याही आठवडी बाजारात मिळते, आणि जळगावात केळ्यांची काय कमतरता! त्यामुळे ‘घरीच करून देऊ’ हा मोह समजण्यासारखा आहे. तो कुठे धोक्याचा ठरतो ते आधी पाहू.

सॅम मुलाला हे देऊ नये. चाचणी मॅम मुलांवर होती. सॅम मुलाची भूक मंदावलेली असेल, सूज असेल, जुलाब-ताप असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं; तिथे पहिले दिवस कमी प्रथिनं आणि कमी सोडियमचं एफ-७५ असतं, कारण शरीर एकदम जास्त खाणं झेलू शकत नाही. भूक चांगली आहे आणि दुसरा आजार नाही, असं भुकेच्या चाचणीत ठरलं तरच ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होतात. डाळीचं पीठ आणि केळं भरवत घरी आठवडा घालवणं जिवावर बेतू शकतं.

जीवनसत्त्व-खनिजांची ३.१ टक्के पूड घरच्या मिश्रणात नसते. दिसायला ती क्षुल्लक, पण जस्त, लोह, जीवनसत्त्व अ हे बहुतांश तिच्यातच आहे. ती वगळून केलेलं मिश्रण म्हणजे चाचणीतला खुराक नव्हे.

शेंगदाणा अख्खा कधीच द्यायचा नाही. या वयात तो श्वासनलिकेत अडकतो. कूट बारीक हवं. आणि दाणा बुरशी नसलेला हवा: सुरकुतलेले, काळपट, खवट दाणे भाजूनही निर्धोक होत नाहीत, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजण्याने पुरतं जात नाही. ते यकृतावर जातं आणि मुलाची वाढ अडवण्याशीही त्याचा संबंध जोडला गेला आहे. म्हणजे स्वस्तातला खराब दाणा घेऊन वाढीचा खुराक करायला जावं आणि नेमकं उलटं व्हावं, असं घडू शकतं. कच्चं सोयाबीनही तसंच. त्यातला ट्रिप्सिन-रोधक प्रथिनांचं पचन रोखतो, म्हणून पीठ भाजलेल्या किंवा उकडून वाळवलेल्या दाण्याचंच.

घरच्या जेवणात मात्र या अभ्यासाचा साधा उपयोग करता येतो, उपचार म्हणून नव्हे, रोजचं खाणं म्हणून. सात-आठ महिन्यांच्या मुलाला नुसता मऊ भात, दूध-साखर आणि बिस्किटं यांवर ठेवलं तर मोठ्या आतड्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. त्याच भातात घोटलेली डाळ, चमचाभर मेतकूट, उकडून कुस्करलेलं कच्चं केळं, पातळ पिठलं गेलं तर जीवाणूंच्या वाट्याला काही येतं. सुरुवात चमच्याने, पोट फुगलं, वायू झाला तर प्रमाण तीन-चार दिवस तिथेच ठेवून मग वाढवायचं. जुलाबाच्या दिवसांत नवा पदार्थ सुरू करायचा नाही, जलसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि आईचं दूध तोडायचं नाही. सर्दीपडशाला अँटिबायोटिक मागून घ्यायचं नाही. वस्ती मागे ढकलणारी ती सर्वांत सोपी गोष्ट आहे आणि दीड वर्षांखालच्या मुलांना ती आपल्याकडे फार सहज दिली जाते.

खुराक मोठ्या प्रमाणावर बनवायचा झाला तर गाडी कच्च्या केळ्यापाशी अडते. पिठं कोरडी असतात, ती महिनोन्‌महिने टिकतात. केळं मिश्रणाचा पाचवा हिस्सा आहे आणि त्यात पाणी भरपूर. ताजा खुराक उष्ण-दमट हवेत फार काळ ठेवता येत नाही, म्हणजे तो रोज गावाजवळ बनवून वाटावा लागतो. पर्याय, केळ्याची पूड. पण पूड कशी वाळवली यावर बरंच अवलंबून आहे. कच्च्या केळ्यातला न पचणारा स्टार्च शिजवला की मोठ्या प्रमाणात पचणारा होतो आणि थंड झाल्यावर त्यातला थोडाच पुन्हा घट्ट होतो. शिजवून वाळवलेली पूड आणि कच्च्या कापांची मंद उष्णतेवर वाळवलेली पूड यांचे उष्मांक सारखे भरतील, पाकिटावरची पोषणसारणी सारखी छापता येईल, आणि तरी जीवाणूंना मिळणारं खाणं वेगळं असेल. त्यामुळे पूड घातलेलं मिश्रण जुन्याच्या जागी वापरण्याआधी त्यातले कर्बोदकांचे धागे प्रयोगशाळेत मोजावे लागतात आणि मुलांच्या शीत तेच जीवाणू वाढतात का, हे पुन्हा तपासावं लागतं.